शीघ्रमोचक

नेरूळच्या पश्चिमेस, पाम बीच रस्ता ओलांडून खाडीच्या अंगाला गेले म्हणजे जी पाणथळ तळी लागतात, त्यांवर हिवाळा सरता सरता रोहित पक्षी उतरतात, आणि रोहित पक्ष्यांच्या मागोमाग, तितक्याच शिस्तीने व जवळजवळ तितक्याच लांब पायांवर, छायाचित्रकारांच्या तिवया उतरतात. भरतीच्या वेळी खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की पक्षी चरणे सोडून डी.पी.एस. तळ्यावर विसाव्यास येतात; त्यामुळे ज्यांनी उभ्या आयुष्यात तिथी-वारासाठीदेखील पंचांग उघडले नाही, अशा आमच्या नेरूळकर सद्गृहस्थांना भरती-ओहोटीच्या वेळा मात्र मुखोद्गत असतात, आणि पहाटे साडेपाचला लिफ्टमध्ये भेटणारा शेजारी दूध आणावयास निघाला आहे की पक्ष्यांच्या मागावर, हे त्याच्या खांद्यावरल्या पिशवीच्या लांबीवरून ओळखावे लागते.

आमच्या इमारतीतले तिसऱ्या मजल्यावरचे आप्पा या संप्रदायात निवृत्तीनंतर दाखल झाले. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या आरेखन विभागात त्यांची सारी हयात गेलेली असल्यामुळे जगातली कोणतीही वस्तू त्यांना समोरून, वरून आणि बाजूने अशी तीनदा पाहिल्याखेरीज दिसल्यासारखी वाटत नसे. अशा मनुष्याने तळ्याकाठी तिवई रोवून पक्ष्यांची वाट पाहत बसावे, आणि पक्षी येईतो त्याची नजर तिवईवरच खिळावी, हे ओघानेच आले. आप्पांच्या तिवईच्या पायांना उन्हाकरिता छत्री, अंधाराकरिता विजेरी, पक्ष्यांचा कलकलाट टिपण्याकरिता मायक्रोफोन असा लवाजमा आवळलेला असे, आणि ही प्रत्येक वस्तू स्क्रूच्या शिकंज्यात अशी काही जखडलेली असे की, थवा उठून तिवई दहा हात सरकविण्याची पाळी आली म्हणजे छत्री सोडवीपर्यंत थवा ऐरोलीस पोहोचलेला असे.

या गैरसोयीवर सहा महिने चिंतन करून आप्पांनी जी वस्तू निर्माण केली, ती तळहातावर मावेल एवढी होती. अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा, त्याला दोन जबडे, एक स्थिर व एक सरकता, सरकत्या जबड्यामागे एक विकेंद्री चकती, जिला कारखान्यात कॅम म्हणतात, आणि त्या कॅमला जोडलेला बोटभर लांबीचा दांडा. दांडा खाली दाबला की जबडे तिवईचा पाय, गॅलरीचा कठडा किंवा हाताशी असेल तो बांबू घट्ट धरीत. वर उचलला की तत्क्षणी सोडून देत. माथ्यावर मात्र तोच स्क्रू, जो जगातल्या बहुतेक साऱ्या कॅमेऱ्यांच्या बुडाशी बसतो: पाव इंची, म्हणजे मिस्त्री लोकांच्या भाषेत दोन सुती, आणि इंचाला वीस आटे. जपानने मीटर-सेंटिमीटर पत्करून कॅमेरे केले, जर्मनीने केले, पण कॅमेरा उलटा करून पाहिला तर बुडाखाली अद्याप इंचाचाच अंमल चालू आहे. साम्राज्ये गेली तरी त्यांचे आटे जात नाहीत, असे आप्पा म्हणतात.

वस्तूचे नामकरण माझ्याकडे आले. मी एका सरकारी खात्यात इंग्रजी परिपत्रकांचे मराठी करण्यात केस पांढरे केले असल्याकारणाने ‘क्विक रिलीज क्लॅम्प माउंट’ हे नाव पाहताच माझे हात शिवशिवल्याशिवाय राहिले नाहीत, आणि मी तेथल्या तेथे ‘शीघ्रमोचक धारिणी’ असा शब्द सिद्ध करून दिला. आप्पांना तो पसंत पडला. चहा घेऊन आलेल्या वहिनींनी तो ऐकला आणि म्हणाल्या, “छान आहे. रात्री कोमट पाण्याबरोबर घ्यायचं का?”

त्याच संध्याकाळी आप्पांनी आपला मनोदय प्रकट केला. “ह्याचं पेटंट घ्यायचं. तुम्ही सरकारी माणूस, कायदा तुम्ही वाचा.” मी १९७० चा पेटंट कायदा मिळवून वाचावयास घेतला, आणि सांगावयास आनंद वाटतो की, निवृत्तीनंतर इतके मनोरंजक वाङ्मय माझ्या हाती दुसरे आले नव्हते.

पेटंट म्हणजे मूळचे खुले पत्र. राजाची मोहोर पत्राच्या तोंडावर न लावता खाली लोंबत सोडावयाची, की जेणेकरून ती न फोडता वाटेल त्याने मजकूर वाचावा. आपल्याकडे अशा कागदाला सनद म्हणत. फरक इतकाच की, सनदा पिढ्यान् पिढ्या चालत, आणि पेटंटाची मुदत वीस वर्षांनी, दरसाल फी भरीत राहिल्यास, संपते. हिंदुस्थानात १८५६ च्या कायद्याखाली अशी पहिली सनद जॉर्ज अल्फ्रेड डीपेनिंग नावाच्या कलकत्त्याच्या अभियंत्यास मिळाली, आणि ती मिळाली पंखा ओढण्याच्या यंत्राबद्दल. त्या यंत्राने किती साहेबांना वारा घातला, व पंख्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून डुलक्या घेणाऱ्या किती पोऱ्यांच्या पोटावर पाय आला, याची नोंद सनदेत असावयाचे कारण नाही. गंमत पुढेच आहे. हा कायदा राणीसरकारच्या मंजुरीवाचून केला गेल्याचे मागाहून ध्यानात आले, तेव्हा तो रद्द करून १८५९ साली नव्याने करावा लागला. नव्या कल्पनांना संरक्षण देण्याकरिता केलेला पहिला कायदाच गैरकायदेशीर निघावा, याहून नवी कल्पना त्या दशकात दुसऱ्या कोणास सुचली असेल असे मला वाटत नाही.

आजच्या कायद्याच्या मागण्या तीन आहेत. वस्तू नवी हवी. ती उद्योगात उपयोगी पडण्याजोगी हवी. आणि तिच्यात ‘शोधक पाऊल’ हवे, म्हणजे ती पूर्वीच्या ज्ञानाच्या एक पाऊल पुढे असून त्या कलेत पारंगत असलेल्या व्यक्तीला आपोआप सुचण्यासारखी नसावी. शिवाय तिसऱ्या कलमात जे जे शोध मानावयाचे नाही त्याची एक लांबलचक यादी आहे, आणि तिच्यातला एक पोटभाग असा आहे की, ठाऊक असलेल्या साधनांची नुसती मांडणी, फेरमांडणी किंवा पुनरावृत्ती, ज्यांतले प्रत्येक साधन आपापले जुनेच काम आपापल्या जुन्याच रीतीने करीत असते, तिला शोध म्हणू नये. हा भाग वाचून माझ्या डोळ्यांसमोर आमचे खाते उभे राहिले. आप्पांचा चेहरा मात्र उतरला.

या साऱ्यात माझे मन ज्यावर जडले तो म्हणजे हा कलेत पारंगत असलेला पुरुष. कायद्याने तो केवळ या एका कामासाठी निर्माण केला आहे. आपल्या विषयावर जगात जे जे प्रसिद्ध झाले, मग ते जपानीत असो वा जर्मनमध्ये, ते सर्व त्याने वाचलेले आहे. त्याच्या विस्मरणात काही जात नाही. आणि एवढे अगाध ज्ञान असून स्वतःची म्हणून एकही कल्पना त्याच्या मस्तकात उगवत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला २००७ साली मोटारीच्या पेडलविषयीच्या एका खटल्यात त्याची दया आली, आणि तो अगदीच कळसूत्री बाहुला नसून त्याला सामान्य माणसाइतपत कल्पकता असते, असा निर्वाळा त्या न्यायालयाने दिला. तरी मूळ स्वभाव कायम: नवी वस्तू समोर ठेवली की तिच्याकडे पाहून “त्यात विशेष ते काय?” असे म्हणणे, हे त्याचे कायदेशीर कर्तव्य आहे.

कायदेपंडित या पुरुषाला काल्पनिक समजतात. ते नेरूळला राहिलेले नाहीत.

आमच्या इमारतीत असे सतरा आहेत. आप्पांनी आपली धारिणी प्रथम ज्यांना दाखविली, ते सोसायटीचे चिटणीस, तिच्याकडे अर्धा क्षणही न पाहता म्हणाले, “हे तर सायकलच्या सीटखाली असतं.” दुसऱ्या मजल्यावरच्या जोश्यांनी तिचे साधर्म्य अडकित्त्याशी लावले, व लगेच अडकित्त्याच्या विषयावर गेले. रखवालदाराने छत्री दोरीने बांधण्याची एक रीत सांगितली, जिला पैसे पडत नाहीत. सर्वांत मर्मभेदक अभिप्राय घरातूनच आला. वहिनींनी ओट्यावरची सांडशी उचलली, तिने गॅसवरचे दुधाचे पातेले उतरविले, सांडशी पुन्हा खिळ्याला लावली, आणि एक शब्दही न बोलता आप्पांकडे पाहिले. धरणे आणि झटकन सोडणे, दोन्ही क्रिया दोन सेकंदांत पार पडल्या होत्या, आणि सांडशी वहिनींच्या आजेसासूबाईंची होती.

“इतकं सोपं होतं, तर तुम्ही आधी का नाही केलंत?” असे आप्पांनी चिटणिसांना एकदा चिडून विचारले. चिटणीस म्हणाले, “मला काय दुसरी कामं नाहीत?” मी कायद्यावरील भाष्ये बरीच चाळली, पण वस्तू पाहिल्यानंतर ती सहज सुचण्यासारखी वाटू लागते या मनोव्यापाराचे इतके चोख स्पष्टीकरण मला त्यांत आढळले नाही.

सांडशीची ती आठवण मनात ताजी असतानाच मला मिर्झापूरचा खटला सापडला, आणि तो वाचून मी थक्क झालो. कारण या देशात पेटंटपात्रतेची कसोटी ज्या निवाड्याने घालून दिली, तो निवाडा कोणा विमानावर वा औषधावर दिलेला नसून भांडे घट्ट कसे धरावे यावर दिलेला आहे. मिर्झापुरात पितळेची आणि जर्मन सिल्व्हरची भांडी लेथवर चढवून तासण्याचा धंदा चाले. भांडे लेथच्या माथ्याला चिकटवीत, आणि लेथ वेगात फिरू लागला की ते कधी कधी सुटून उडे व कारागिराचा कपाळमोक्ष करी. हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या पेढीतल्या एका भागीदाराने समोरच्या बाजूने दाब देणारा एक टोकदार दांडा बसवून भांडे दोहोंकडून पकडण्याची युक्ती काढली, व १९५१ पासून अमलात येणारे पेटंट तिच्यावर घेतले. थोड्याच दिवसांत विश्वनाथ प्रसाद राधेश्याम या गावातल्याच दुसऱ्या पेढीने तशीच योजना वापरावयास सुरुवात केली, आणि दावा लागला.

अलाहाबादच्या उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींनी पेटंट रद्द केले. अपिलात दोघा न्यायमूर्तींनी ते जिवंत केले. अखेर सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या डिसेंबरात ते पुन्हा रद्द केले. निवाडा न्यायमूर्ती सरकारिया यांचा. लेथला असला दांडा पूर्वीपासून ठाऊक होता. तो भांड्याला लावणे ही कारखान्यात रोज होते तशी एक सुधारणा झाली, शोध नव्हे, असा त्याचा मथितार्थ. वाचकांनी तारखांकडे मात्र लक्ष द्यावे. जुन्या कायद्यात पेटंटाची मुदत सोळा वर्षे होती, म्हणजे ज्या सनदेवरून हे भांडण चालले ती सनद १९६७ सालीच, शतायुषी न्यायदेवतेची वाट पाहून, आपल्या मृत्यूने मेली होती. त्यानंतर अकरा वर्षांनी ती मुळात जन्मलीच नव्हती असे ठरले. मधल्या काळात मिर्झापूरची भांडी किती उडाली, हे निकालपत्रात नाही.

मी हे सर्व आप्पांना वाचून दाखविले. ते बराच वेळ स्तब्ध बसले, आणि मग म्हणाले, “म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचं आणि हिचं मत एकच आहे.”

मुंबईत जन्मलेले शंकर आबाजी भिसे हे आप्पांचे दैवत. वाणसामान आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राच्या आराखड्याने ज्यांनी लंडनच्या एका नियतकालिकाची स्पर्धा जिंकली, दादाभाई नौरोजींनी ज्यांना विलायतेत आधार दिला, सर रतन टाटांनी ज्यांच्या मुद्राक्षरे ओतणाऱ्या यंत्रात पैसा घातला, आणि हिंदुस्थानचा एडिसन म्हणून नाव मिळवून जे १९३५ साली न्यूयॉर्कला वारले, त्या भिशांची कथा आप्पा अशा खचलेल्या क्षणी स्वतःला सांगत. “भिशांनाही लोक हसलेच असतील,” ते म्हणाले. “त्यांच्या बायकोला काय वाटायचं, ते कुठे लिहिलंय का?” असे आतून विचारले गेले.

अशा मनःस्थितीत मी त्यांच्या नजरेस कायद्यातला आणखी एक भाग आणला, आणि तो आणावयास मी फार उशीर केला होता. अर्ज दाखल करण्यापूर्वी वस्तू उघडपणे लोकांसमोर आली, तर तिचे नावीन्य संपते. विश्वासात घेऊन, गुप्ततेच्या बोलीवर कोणास दाखविली असेल तर गोष्ट निराळी. हे ऐकताच आप्पा पायांत चपला सरकवून बाहेर पडले, आणि रात्री दहापर्यंत त्यांनी सतराही घरे फिरून प्रत्येकाकडून, आपण ती वस्तू विश्वासाने पाहिली होती व तिच्याबद्दल कोठे वाच्यता करणार नाही, असे वचन घेतले. त्याचा परिणाम असा झाला की, ज्यांनी ती वस्तू पाहून अर्ध्या तासात विसरून टाकली होती ते दुसऱ्या दिवशी सेक्टरभर तिच्याविषयी बोलू लागले. तळ्याकाठी आप्पा आता तिवईच्या पायाला जुन्या उशीचा अभ्रा गुंडाळून बसू लागले. त्या अभ्र्याखाली काहीतरी तीन-चार लाखांचे परदेशी भिंग आहे, अशी बोलवा उठली, आणि जी मंडळी आजवर पक्ष्यांचे फोटो काढीत होती ती अभ्र्याचे काढू लागली.

अखेर आम्ही एका पेटंट एजंटांकडे गेलो. ही जात वकिलांहून निराळी. त्यांना विज्ञान वा अभियांत्रिकीची पदवी लागते आणि सरकारी परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. आमच्या वाट्याला आलेले गृहस्थ तरुण, मितभाषी आणि भयंकर वाचलेले होते. म्हणजे तो काल्पनिक पुरुषच शर्ट-पँट घालून समोर बसला होता. त्यांनी आधी आमचा एक भ्रम दूर केला. एकट्या इसमाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी सोळाशे रुपये आणि तपासणीच्या विनंतीची चार हजार, म्हणजे शोध लावणे या देशात बारशाहून स्वस्त आहे. महाग आहे ती त्याचे वर्णन करणारी भाषा. अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत करावा लागतो, मराठीत चालत नाही, हे ऐकून माझ्या ‘शीघ्रमोचक धारिणी’चा तेथेच निकाल लागला. परंतु लगेच त्यांनी जे सांगितले त्याने माझी सारी खिन्नता लयास गेली. ते म्हणाले की, दाव्याचे प्रत्येक कलम, मग ते कितीही लांब होवो, एकाच वाक्यात लिहावे लागते. पूर्णविराम एक, आणि तोही शेवटी! ज्या काळात वर्तमानपत्रांचे संपादक माझ्या लेखांतली वाक्ये पापडासारखी मोडून छापतात, त्या काळात जगातल्या बहुतेक देशांत एक कचेरी अशी आहे की जेथे दीडशे शब्दांचे वाक्य नुसते क्षम्य नव्हे तर सक्तीचे आहे, हे मला आयुष्याच्या या टोकाला कळावे, ही नियतीची थट्टा म्हणावयाची.

आठवड्याने त्यांनी शोधपत्रक पुढे ठेवले. दांडा दाबून आवळावयाची कॅम? इटलीतल्या तुल्लिओ काम्पान्योलो नावाच्या सायकलपटूची १९२७ मधली कथा सांगतात: डोंगरातल्या शर्यतीत थंडीने बोटे बधिर झाली, चाकाचे पाकळीनट सुटेनात, आणि त्यातून पुढे त्याने चाकाचा झटपट सुटणारा आस केला. चिटणीस सायकलीच्या बाबतीत बरोबर होते, हे आप्पांना फार लागले. कॅमेरा सरकवून बसवावयाचा पाचरी खाचेचा जबडा? तो मूळच्या स्वित्झर्लंडच्या आर्का-स्विस कंपनीच्या नावाने जगभर चालतो, आणि तिची नक्कल करणाऱ्यांनी तो जवळजवळ प्रमाणच करून टाकला आहे. नळीला, कठड्याला, फळीला पकडणारा शिकंजा? इटलीच्याच मॅनफ्रोटोचा, स्टुडिओ-स्टुडिओतून वर्षानुवर्षे लटकतो आहे. माथ्यावरच्या दोन सुती स्क्रूचे नावही काढू नका. “म्हणजे तिसरं कलम,” आप्पा क्षीण स्वरात म्हणाले, “जुन्या साधनांची नुसती मांडणी.” एजंटांनी मान डोलावली. जर्मनीसारख्या देशांत असल्या लहानसहान सुधारणांकरिता पेटंटाची एक धाकटी पाती असते, जर्मनांनी तर ती १८९१ पासून चालविली आहे. आपल्याकडे ती नाही. बाह्य आकाराची डिझाइन म्हणून नोंदणी होऊ शकेल, पण आकाराला काय करावयाचे?

आप्पांना धीर देण्यासाठी मी अमेरिकेचा विषय काढला. पांढऱ्या पडद्यापुढे वस्तू ठेवून तिचा फोटो घेण्याच्या मांडणीवर तेथील पेटंट कचेरीने २०१४ साली अ‍ॅमेझॉन कंपनीला पेटंट दिले आहे. दिवे कोठे, चबुतरा कोठे, ८५ मिलिमीटरचे भिंग, आयएसओ सुमारे ३२० आणि छिद्र ५.६, असा सगळा तपशील त्याच्या दाव्यांत आहे. नेरूळ स्टेशनाबाहेर पासपोर्टचे फोटो काढणारा, मागे धुतलेली चादर टांगणारा इसम हा दरोडेखोर ठरता ठरता वाचला, तो केवळ पेटंटाचा अंमल ज्या त्या देशाच्या हद्दीपुरता असतो म्हणून. “मग मी अमेरिकेत अर्ज करू का?” आप्पांनी आशेने विचारले. एजंटांनी तिथली फी सांगितली, आणि तो विषय त्याच स्वल्पविरामावर थांबला.

उठता उठता एजंटांनी धारिणी हातात घेऊन दांडा दोन-चारदा खालीवर केला. तिसऱ्यांदा ते थांबले. “हा शेवटी टक् करून बसतो तो कसा?” त्यांनी विचारले.

आता हे ‘टक्’ काय होते, हे सांगितले पाहिजे. आप्पांनी धारिणीचे दोन नग करवून घेतले होते. पहिल्या नगाचा दांडा दाबला की शेवटच्या क्षणी टक् असा आवाज होऊन तो स्थिर होई आणि खाडीवरच्या वाऱ्याने छत्री कितीही हेलकावली तरी तसूभर हलत नसे. दुसरा नग, जो पुढे आराखड्याबरहुकूम, केसाचाही फरक न ठेवता झाला, तो मात्र वाऱ्याने हळूहळू ढिला पडे. म्हणून आप्पांनी त्याचे पैसेच दिले नव्हते. एजंटांच्या प्रश्नावर आप्पांनी पहिला नग खोलला, डोळ्यांना भिंग लावले, व्हर्नियर काढले, आणि तेथे, कॅमच्या कडेवर, सहज दिसणार नाही अशा जागी, एक लहानशी खळगी आढळली. दांडा दाबताना कॅमचा उंचवटा जबड्याच्या पाठीवरून पुढे जाऊन या खळगीत विसावत होता. आराखड्यात ती नव्हती. शोधपत्रकात नेमकी अशी, अशा जागी, कोठे नव्हती. इमारतीतल्या सतरा पारंगतांनीही ती पाहिलेली नव्हती, कारण ती आत होती. “कदाचित इथे काही आहे,” एजंट म्हणाले, आणि लगेच अशा वेळी कायद्याने विचारलाच पाहिजे तो प्रश्न विचारला: “ही कल्पना कोणाची?”

अर्ज करणारा हा खरा आणि पहिला संशोधक असावा लागतो, अथवा त्याने त्याच्याकडून हक्क घेतलेला असावा लागतो. आप्पा प्रामाणिक माणूस. तेथून आम्ही तिघेही रिक्षाने शिरवण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या गाळ्यावर गेलो, जेथे दोन्ही नग तयार झाले होते.

मिस्त्री कराडकडचे. त्यांनी लेथ बंद केला, हात चिंधीला पुसले, आणि आप्पांनी पुढे केलेली कॅम दाराच्या उजेडात धरून पाहिली. “हां, ती व्हय,” ते म्हणाले. “कानस सटकली हुती, सायेब. म्हटलं, नवीन करावी. तेवढ्यात लाइट गेली, आन् तुमी दारात हुबं. दांडा बशिवला तर टक्कन् बसला. म्हटलं, झ्याक बसतंय, ऱ्हाऊ द्या.”

“ऐकलंत?” एजंट माझ्याकडे वळून एकदम उत्साहाने म्हणाले, आठवड्यात प्रथमच त्यांचा आवाज चढला होता. “कानस सटकली, हा अपघात. ‘ऱ्हाऊ द्या’ हा शोध.”

पुढला अर्धा तास गाळ्यात कायद्याचे जे सूक्ष्म विवेचन झाले ते सारे येथे देण्याची गरज नाही. खळगी पाडली मिस्त्रींनी, ती चुकीने. ती कामाची आहे हे ओळखले मिस्त्रींनी, पण का, हे जाणले आप्पांनी, आणि तेही एजंटांनी बोट ठेवल्यावर. तेव्हा अर्जातल्या संशोधकांच्या रकान्यात दोन नावे घालावी, व मिस्त्रींनी लागेल तेथे सही करावी, असे ठरले. मिस्त्री लेथच्या बाकाला टेकून हे ऐकत होते. “म्हंजे माझं नाव सरकारात जाणार?” त्यांनी विचारले. आप्पांनी गहिवरून सांगितले की, केवळ सरकारात नव्हे, अठरा महिन्यांनी ते जगजाहीर होईल, वीस वर्षे राहील, परदेशातले लोक ते वाचतील. आप्पांचा कंठ भरून आला होता. मला वाटते त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांपुढे भिसे उभे असावेत.

मिस्त्रींनी चिंधी खुंटीला अडकविली.

“नावाचं ऱ्हाऊ द्या, सायेब,” ते म्हणाले. “त्या दुसऱ्या नगाचं साडेचारशे अजून येनं हाय. त्यो तर बरोब्बर तुमच्या ड्रॉइंगपरमानं केला हुता.”